दगडावर नसलेलं नाव

दगड लागल्याची बातमी मारुतीरावांनी संध्याकाळी फोनवर दिली, आणि त्यानंतर वडगावच्या घरात कुणाचंच कामात लक्ष लागलं नाही. मल्लाप्पांनी दुसऱ्या दिवशी पॉवरलूम बंद ठेवले. त्यांच्या बायकोनं, मनिषानं, पोळ्यांचा डबा भरला, मग होणाऱ्या विहीणबाई यशोदाबाईंच्या घरी आपला डबा नेणं बरं दिसणार नाही म्हणून तो परत रिकामा केला. त्यांची मुलगी रूपाली पहाटेपासून अंगणात उभी होती. जायचं नाही असं आठवडाभर म्हणणाऱ्या मल्लाप्पांच्या आई शालूबाईच सगळ्यांच्या आधी नेसून तयार होत्या.

ऊन तापायच्या आत दोन गाड्या निपाणीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळल्या. पहिलीत हे वडगावचे चौघं. दुसरीत बेळगाव कॅम्पातले सामुएल, त्यांची मुलगी प्रियदर्शनी, आणि कॅनडाहून आलेल्या हेलेना क्लासन. तंबाखूची काढणी नुकतीच झालेली. रानात नुसते खुंट उभे होते आणि हवेत अजून तो उग्र वास होता. हेलेनाबाई गाडीतून उतरल्या त्या शिंकतच, आणि शिंका आवरता आवरता हसत सुटल्या.

मल्लाप्पांना मात्र आज यायचंच नव्हतं. येत्या रविवारी रूपालीची सुपारी फुटायची होती. मुलगा साईराज मच्छे गावातल्या एका कारखान्यात नोकरीला होता, माणसं आपल्याच समाजातली, घर चांगलं. आणि आठवड्यापूर्वी नेमकं ज्या रानात प्रियदर्शनीचा तो गोऱ्या साहेबांच्या थडग्याचा शोध येऊन थांबला, ते रान साईराजच्या वडिलांचं, मारुतीरावांचं निघालं. होणाऱ्या सोयऱ्याच्या रानात रविवारच्या तोंडावर जाऊन थडगी उकरायची, हे मल्लाप्पांच्या मनाला पटत नव्हतं. रात्री त्यांनी मनिषाला तसं बोलूनही दाखवलं होतं. मनिषा म्हणाली होती, मारुतीरावच आपल्यापेक्षा जास्त नाचताहेत, तर आपण कशाला जीव जाळायचा.

ते खरंच होतं. मारुतीराव ट्रॅक्टर चालू ठेवूनच वाट बघत होते. विहिरीच्या कोपऱ्यावर दर वर्षी फाळ अडकायचा, म्हणून तेवढी जागा सोडून ते नांगरत आले होते. काल त्यांनी सहज पहार मारून पाहिली, तर खाली सपाट, घडीव दगड. आता तो सगळ्यांसमोरच उचलायचा असं त्यांनी ठरवलं होतं. मल्लाप्पा आणि सामुएल दोघंही पुढं झाले. एकानं पहार धरली, दुसऱ्यानं खोरं घेतलं. एकमेकांशी बोलायची वेळ येऊ नये इतकंच दोघंही बघत होते.

ही दोन घरं खरं तर एकाच बायाक्काची. तिचा मुलगा मष्णू कॅम्पातल्या मिशनऱ्यांकडे शिकला, ख्रिस्ती झाला, तिकडचाच झाला. सामुएल त्याचे नातू. मुलगी मालुबाई वडगावात राहिली, मागावर बसली. मल्लाप्पा तिचे नातू, आणि शालूबाई तिच्या सूनबाई. मष्णूच्या मुलाला, म्हणजे सामुएलच्या वडिलांना, एकच गोष्ट कधी गिळता आली नाही. आजीनं पोरगी ठेवून घेतली आणि पोरगा देऊन टाकला. त्या घरचं पाणी त्यांनी घेतलं नाही आणि मुलालाही घेऊ दिलं नाही. पुढं रूपाली कॉलेजात प्रियदर्शनीची विद्यार्थिनी झाली, तिथं दोघींनी बायाक्काच्या नावावरून नातं जुळवलं, आणि मोठ्यांना न विचारता एकमेकींच्या घरी जायला लागल्या. त्यातूनच हा शोध उभा राहिला होता.

*

प्रियदर्शनीला त्या सकाळी भूक, तहान काही कळत नव्हतं. दोन वर्षं ती या एका जागेच्या मागं होती. योहान आणि आन्ना क्लासन. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचं, जर्मन बोलणारं जोडपं. शपथ न घेणारी, हातात बंदूक न धरणारी, शेती करून खाणारी माणसं. ब्रिटिशांच्या काळात, दुष्काळाच्या दिवसांत, कुठल्याही मोठ्या मिशनच्या आधाराशिवाय ती इथं आली. माळ कसला, विहीर पाडली, उपाशी माणसांना कामाला लावलं, आणि प्लेगात गेली. माग बंद पडल्यावर वडगाव सोडून पोट भरायला आलेली बायाक्का आणि तिचा नवरा त्यांच्याच वाड्यावर राबत होते. क्लासनांच्या घरी तिकडे एवढंच कळलं होतं की योहान, आन्ना आणि त्यांची चार वर्षांची मारीके, तिघंही वारले. योहानच्या धाकट्या भावाची नात हेलेना. निवृत्त झाल्यावर तिनं त्या तिघांची जागा शोधायला घेतली आणि इंटरनेटवर तिला प्रियदर्शनी भेटली.

दगडाला दोरखंड बांधून ट्रॅक्टरनं ओढला, तेव्हा तो एकदम सुटला आणि उताणा पडला. खालच्या बाजूला अक्षरं होती. मारुतीरावांनी घागरभर पाणी ओतलं. रूपाली नारळाच्या शेंडीनं घासायला बसली, आणि चिखल उतरला तशी ती जुन्या वळणाची जर्मन अक्षरं वर आली. हेलेनाबाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी बोटानं एकेक अक्षर चाचपलं.

"योहान क्लासन," त्या म्हणाल्या. मग खालची ओळ. "आन्ना."

प्रियदर्शनीनं रूपालीचा दंड इतका घट्ट धरला की तिथं वळ उठले. मारुतीरावांनी टोपी काढली. सामुएलनं डोळे मिटून घेतले, त्यांचे ओठ हलत होते.

पण हेलेनाबाई पुढं वाचायच्या थांबल्या होत्या. दोन अक्षरं उलटी कोरलेली होती, एकाला पाय जास्तीचा होता. कोरणाऱ्याला ही लिपी येत नव्हती. कशावर तरी बघून त्यानं रेघा उतरवल्या होत्या. आणि खाली साल होतं ते अठराशे एक्क्याण्णव. प्लेग तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. एक्क्याण्णव हे योहान आणि आन्नाच्या लग्नाचं साल.

थडग्यावर लग्नाचं साल कोण घालील, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मग त्यांनी दगडाच्या तळापर्यंत हात फिरवला. खाली मोकळी जागा होती, गुळगुळीत, टाकी न लागलेली.

"आणि मारीके कुठे आहे?"

प्रियदर्शनीनं ते मराठीत सांगितलं. मारुतीरावांनी आजूबाजूला पहार मारून पाहिली. मऊ मातीशिवाय काही लागलं नाही.

*

शालूबाई कडुनिंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. शेजारी यशोदाबाई, साईराजची आई, सुपात लसूण सोलत होत्या. दोघींचं रविवारचंच बोलणं चाललं होतं. किती माणसं येणार, पान कुणाच्या हातानं द्यायचं. रूपाली धावत आली आणि तिनं एका दमात सगळं सांगितलं. दगडावर दोनच नावं आहेत, साल लग्नाचं आहे, मुलीचं नाव नाही, तिचं वेगळं थडगंही नाही.

सासूच्या शेवटच्या दुखण्यात शालूबाई एकट्याच तिच्या उशाशी होत्या. तेव्हा मालुबाईंनी सांगितलेलं त्यांनी नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. आपण होऊन कुणाला सांगू नगंस, सासू म्हणाली होती, पर कवा कोण मला हुडकत आलं तर खोटं बोलू नगंस. शालूबाईंना तेव्हा हे म्हातारपणाचं बरळणं वाटलं होतं. साता समुद्रापलीकडनं कोण येणार होतं?

त्यांनी यशोदाबाईंकडे पाहिलं. रविवार डोळ्यांपुढं उभा राहिला. नात एवढी खुशीत होती, आणि तिच्या सुखावर आपणच पाणी ओतायचं का, असं एकदा मनात आलं. पण हेलेनाबाई दगडापाशी अजून तशाच बसलेल्या दिसत होत्या, दोन्ही हात मोकळ्या जागेवर ठेवून.

"तिला हिकडं बोलीव," त्या रूपालीला म्हणाल्या. "समद्यास्नीच बोलीव."

सगळे जमले. हेलेनाबाई बाजेच्या पायथ्याशी जमिनीवरच बसल्या.

"ती पोर हितं न्हाय," शालूबाई म्हणाल्या. "ती वडगावात म्हातारी हून गेली. माज्या मांडीवर."

कुणाला काही उमगेना. प्रियदर्शनीनं हेलेनाबाईंना इंग्रजीत सांगता सांगता मध्येच शब्द सोडला. मल्लाप्पांनी आईचा खांदा धरला आणि आक्का, काय बोलतीस, असं हळूच विचारलं. शालूबाईंनी त्यांचा हात बाजूला केला आणि एकदा सुरू केलं ते शेवटपर्यंत सांगितलं.

आधी साहेब गेला, मग बायाक्काचा नवरा. आन्ना अंथरुणावर होती तेव्हा तिनं बायाक्काच्या ओटीत पोरगी घातली आणि वचन घेतलं. अनाथाश्रमात देऊ नकोस, तूच वाढव. साहेबाची लाकडी पेटी होती, झाकणावर रंगानं नावं काढलेली. हे आमचे हे, ही मी, ही मारीके, असं आन्नानं पूर्वी कधीतरी बोट ठेवून बायाक्काला दाखवलेलं. दोघांना पुरल्यावर बायाक्कानं एका पाथरवटाला आणलं आणि पेटीवर बघून तसंच कोर म्हणून सांगितलं. लग्नाचं साल पेटीवर होतं, ते दगडावर आलं. दोन नावं आणि साल झालं, पाथरवट तिसऱ्या नावाला आला, तेव्हा बायाक्कानं पेटीवरच्या त्या नावावर हात ठेवला.

"म्हणली, हे कोरू नगंस. ही जित्ती हाय."

प्रियदर्शनीनं हे हेलेनाबाईंना सांगितलं. हेलेनाबाईंनी तोंडावर हात दाबून धरला. घारी मालू, असं अख्खं वडगाव मल्लाप्पांच्या आजीला म्हणायचं. ती घारी कशी, हा प्रश्न इतक्या वर्षांत त्यांना पडला नव्हता.

*

सामुएल मात्र उभेच होते. आपल्या आजोबांचं साहेबांच्या घराशी काही नातं निघेल, या आशेनं ते आज आले होते. ते नातं निघालं होतं, पण दुसऱ्यांच्या दारात.

"मग माझ्या आज्ज्याला का दिलं?" त्यांनी विचारलं.

शालूबाईंनी तेही सांगितलं. प्लेग ओसरल्यावर कॅम्पातनं पाद्री आले. साहेबाची मुलगी कुठं आहे म्हणून विचारलं. तिघंही गेले, असं बायाक्कानं सांगितलं. मारीके तेव्हा आतल्या खोलीत झोपली होती. दारात मष्णू उभा होता, सातेक वर्षांचा. साहेबाच्या अंगणात वाढल्यानं त्याची भाषा घडाघडा बोलणारा. पाद्र्यांना पोरगा आवडला. आमच्याकडे दे, शिकवतो म्हणाले. बायाक्काला नाही म्हणता आलं असतं. पण पोरगा इथं राहिला तर तो कधीतरी, कुणापुढं तरी बोलून जाईल, ही धास्ती तिला होती. त्याला घेऊन ते लगेच निघाले म्हणजे घरात कुणी शिरणार नव्हतं. बायाक्का मग पोरीला घेऊन वडगावला परतली. तिकडं पोरगी झाली, नवरा गेला, पोरगा शाळेत ठेवलाय, असं तिनं भावकीला सांगितलं.

"म्हणजे त्याला गप बसवायला दिलं," सामुएल म्हणाले.

"व्हय." शालूबाईंनी मान खाली घातली नाही. "आणि त्यो गप बसला, सामुएल. मरंपत्तोर गप बसला. त्याला समदं ठावं हुतं."

सामुएल वळले आणि विहिरीकडे चालत गेले. प्रियदर्शनी मागं जायला निघाली, तर मल्लाप्पांनी तिला थांबवलं आणि ते स्वतः गेले. विहिरीच्या काठावर सामुएल बोलायला लागले. आजोबा दर नाताळच्या आधी एकटेच वडगावला लागून असलेल्या शहापूरकडे जायचे. कुठं चाललात, असं कुणी विचारलेलं त्यांना चालायचं नाही. परत येताना काखेत कापडाचा गठ्ठा असायचा, आणि त्यातले सदरे घालून सामुएल आणि त्यांची भावंडं चर्चला जायची. घरच्यांना वाटायचं, म्हातारा बाजारातनं स्वस्तात आणतो.

मल्लाप्पांना ते कापड आठवत होतं. मालुआजी दिवाळीनंतर साडीचं काम बाजूला ठेवून हातमागावर पांढरं कापड विणायला बसायची. हे कुणाला, असं विचारलं की माझ्या भावाला, एवढंच म्हणायची. मल्लाप्पा तेव्हा अगदी लहान होते. भाऊ म्हणजे देवबीव असावा, अशी त्यांची समजूत होती.

सामुएल हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

दोघं परत आले तेव्हा शालूबाई प्रियदर्शनीला काहीतरी सांगत होत्या आणि ती नको म्हणून मान हलवत होती.

"विचार की तिला," शालूबाईंचा हट्ट चालला होता. "आमी तुमच्या धर्माचं पोर चोरलं का, एवढं विचार. लई वर्सं माज्या मनात हाय ते."

प्रियदर्शनीनं विचारलं. हेलेनाबाई सावकाश बोलल्या, प्रियदर्शनीला प्रत्येक शब्द नीट सांगता यावा म्हणून थांबत थांबत. त्यांच्या लोकांत लहान मुलाचा बाप्तिस्मा करत नाहीत. मूल मोठं होतं, त्याला समज येते, मग त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं की मला हा मार्ग हवा. याच हट्टापायी त्यांच्या पूर्वजांना देश सोडून पळावं लागलं होतं. मारीकेनं तेव्हा काहीच निवडलेलं नव्हतं. मग चोरी कसली? त्यांना फक्त एकच जाणून घ्यायचं होतं. मोठी झाल्यावर तिला कुणी विचारलं का?

"इचारलं," शालूबाई म्हणाल्या. लग्न ठरलं तेव्हा बायाक्का तिला इथं घेऊन आली होती. या दगडापाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. तुला कॅम्पात जायचं असलं तर मी स्वतः नेऊन सोडते, म्हणाली. मालुबाई दिवस कलेपर्यंत दगडापाशी बसून राहिल्या. दगडावर हळद-कुंकू वाहिलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, मागावर साडी अर्धी राहिली आहे, घरी चल.

हेलेनाबाईंनी ते ऐकलं आणि शालूबाईंचे पाय दोन्ही हातांनी धरले. शालूबाई संकोचून पाय ओढून घ्यायला लागल्या. त्या दोघींच्या ओढाताणीत रूपाली मध्येच बोटांवर काहीतरी मोजत होती.

"बाबा," ती म्हणाली, "ह्या तुमच्या आत्या लागतात."

मल्लाप्पांनी हेलेनाबाईंच्या पांढऱ्या टोपीकडे, लाल झालेल्या नाकाकडे पाहिलं. मग वाकून नमस्कार केला, आणि मारुतीरावांना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला.

*

यशोदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. लसणाचं सूप मांडीवर तसंच होतं. मनिषा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. सगळे आपापल्या जागी इतिहास शोधत होते आणि तिला एकटीला रविवार दिसत होता. शेवटी तीच म्हणाली, काय असेल ते मनात ठेवू नका, आम्हालाही हे आजच कळलं.

यशोदाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांना राग आला नव्हता. पण साईराज कुणाचं ऐकून घेणारा मुलगा नव्हता, आणि उद्या भावकीत कुणी मुलीच्या कुळावरून काही बोललं तर तोंड त्यालाच द्यायचं होतं. त्याला न विचारता आपण काही म्हणणं बरं नव्हे, असं त्या म्हणाल्या. मारुतीराव मध्ये पडायला गेले, तर त्यांनी नवऱ्याला हातानंच थांबवलं आणि फोन काढला.

"मी सांगते," रूपाली म्हणाली.

मल्लाप्पा नको म्हणायच्या आत तिनं स्वतःचा फोन कानाला लावला होता आणि ती बांधावरून चालायला लागली होती. लांब गेल्यावर तिचा आवाज ऐकू येईना, फक्त मोकळा हात हलताना दिसत होता. एकदा ती थांबली. मग परत चालायला लागली, विहिरीला वळसा घालून दगडापाशी गेली, खाली बसली.

मनिषा पदराचं टोक पिळत होती. सामुएल येऊन शालूबाईंच्या शेजारी बाजेवर टेकले. बायाक्का दिसायला कशी होती, तुमच्या सासूबाई कधी काही बोलल्या का, असं त्यांनी विचारलं. उंच होती, पायांत वहाण घालायची नाही, आणि रागावली की बोलणं सोडायची, एवढं शालूबाईंनी ऐकलं होतं. सामुएल म्हणाले, आमच्या घरात सगळे रागावले की बोलणं सोडतात. त्यांनी समोरच्या तांब्यातलं पाणी घेतलं आणि प्यायलं. शालूबाईंनी ते पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे नजर फिरवली.

रूपाली परत आली तेव्हा तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. तिनं आधी यशोदाबाईंकडे पाहिलं.

"रजा टाकून निघालाय तो," ती म्हणाली. "दगड परत मातीत घालू नका म्हणतोय. त्याला बघायचाय."

"आणि रविवारचं?" मनिषाच्या तोंडून निघून गेलं.

"रविवारी ह्या असतील ना, एवढंच विचारलं." रूपालीनं हेलेनाबाईंकडे बोट दाखवलं. "म्हणाला, मुलीकडची मोठी आत्या आहे, पहिलं पान तिला द्यायला पाहिजे."

प्रियदर्शनी ते हेलेनाबाईंना सांगायला वळली आणि सांगता सांगताच रडायला लागली. मारुतीराव ट्रॅक्टरकडे निघाले. दगड उचलून सावलीत आणायचा म्हणाले, आणि सामुएल व मल्लाप्पा न सांगता त्यांच्यामागं गेले. यशोदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, लसूण पदरात घेतली आणि घराच्या पडवीकडे दोन पावलं टाकून मागं वळल्या.

"पावणी म्हनून बसू नगासा आता, मनिषाबाय," त्या म्हणाल्या. "या आत. त्यो यायच्या आत आनखी भाकरी थापाय पायजेत. नऊ मान्सांच्या पिठात भागायचं न्हाय."

मनिषानं बांगड्या कोपराकडे सारल्या आणि त्यांच्यामागोमाग चुलीकडे गेली.